सात नंबरची पेटी

सोमवार, २

पंख्याच्या कंपनीने दरवर्षीप्रमाणे डायरी दिली. एरवी ती घरी आली की ही पळवायची, शिवणाची मापं लिहायला. यंदा कोणी पळवली नाही. कोरी वही वाया कशाला घालवा, म्हणून मीच लिहितोय.

आज पार्किंगमध्ये पेट्या बसल्या. दोन्ही तळघरं मिळून चौदा, प्रत्येक पेटी माणसाच्या नाकाच्या उंचीवर. गाड्यांच्या धुरात एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि कारभार आटोपतो. म्हणून जमिनीखालच्या पार्किंगला मोठे पंखे लागतात. आमचे पंखे गेट उघडल्यापासून गेट बंद होईपर्यंत पूर्ण जोरात फिरायचे, खाली गाड्या दोन असोत की दोनशे. रिकाम्या वर्गाला मास्तर शिकवतोय, असा प्रकार. आता पेटी हवा हुंगणार, वायू वाढला तर पंखा लावणार, हवा स्वच्छ झाली की बंद करणार. कल्पना माझी. तीन वर्षं मागे लागलो होतो. मंजुरी आली तेव्हा हिला सांगायला फोन हातात घेतला आणि परत खिशात ठेवला.

मोठे साहेब म्हणाले, "एक महिना देतो. वीज निम्म्यावर आली तर पार्किंग तुमच्याकडेच. नाहीतर कंत्राटदार येईल, आणि तो त्याची माणसं आणेल." म्हणजे मी, काउंटरवरची ताई, गेटवरचा पैलवान आणि झाडूवाले, सगळ्यांची वरात घरी.

हे ताईला आणि पैलवानाला स्पष्ट सांगितलं. पैलवान हा नावाचाच पैलवान, फुंकर मारली तर उडेल. पेटीला नाक लावून म्हणाला, "साहेब, हिला सर्दी झाली तर?" ताई हसली. मी हसलो नाही. हसायला हवं होतं असं जिना चढताना वाटलं.

बुधवार, ४

पंखे बंद असले की तळघर किती शांत असतं हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. वरच्या रॅम्पवरून गाडी उतरली की टायरचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येतो. ताई म्हणते तिला भीती वाटते. "काहीतरी चुकल्यासारखं वाटतं हो साहेब." तिला म्हटलं, बचत अशीच असते, दिसत नाही. मला स्वतःला काहीच वाटलं नाही, पण हल्ली ते नेहमीचंच आहे.

खालच्या तळघरात लिफ्टच्या भिंतीमागे एक कोपरा आहे. मध्ये खांब येतो, म्हणून तिथे कोणी गाडी लावत नाही. हिची गाडी तिथे आहे. नकाशा आखताना पेट्या बसवणारा सेन्सरवाला म्हणाला होता, इथेही एक पेटी लागेल. मी म्हटलं, इथे कोण मरायला येतंय? पेटी वाचवली.

जेवणाच्या सुट्टीत मी गाडी चालू करून आत बसतो. बॅटरी उतरू नये म्हणून. जुनी गाडी आहे, रोज विचारपूस केली नाही तर रुसते. डबाही तिथेच खातो. सीट हिच्या मापाची आहे, गुडघे स्टिअरिंगला लागतात. सवय झाली.

गुरुवार, ५

घरी सासूबाई असतात. हिच्या आजारपणात आल्या, त्या राहिल्या. त्यांचा मुलगा दर आठवड्याला बोलावतो, पण जात नाहीत. म्हणतात, "त्याच्याकडे जिने फार." आमच्याकडे तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही.

आज त्यांनी विचारलं, "दुपारी जेवता कुठे?"

"हिच्या गाडीत. बॅटरीसाठी चालू करून बसतो."

"आणि ते तुमचे मोठे पंखे?"

"ते आता गरज पडली तरच लागतात, आई. तीच तर गंमत आहे."

त्यांनी धुतलेलं पातेलं पुन्हा नळाखाली धरलं. मग हात पुसून समोर येऊन बसल्या. मी त्यांना सगळी यंत्रणा समजावली. पेटी कशी हुंगते, पंखा आधी हळू मग जोरात कसा फिरतो, एका पेटीने बोंब मारली तरी अख्ख्या मजल्याचे पंखे कसे लागतात. इतका रस यात आजवर कोणी घेतला नव्हता. पेट्या कुठे कुठे आहेत ते विचारलं, कुठे नाहीत तेही विचारलं. "तुमच्या त्या कोपऱ्याच्या जवळची पेटी कोणती?" म्हटलं, सात नंबर, रॅम्पच्या पायथ्याशी. शेवटी काउंटरचा फोन नंबर मागून घेतला, कारण खाली मोबाइल लागत नाही. म्हातारपणी माणसाला काळजी असते. एवढ्या वयातही डोकं तल्लख आहे त्यांचं.

सोमवार, ९

सेन्सरवाला पहिल्या आठवड्याचा आलेख घेऊन आला. सकाळी ऑफिसच्या वेळेला एक टेकडी, संध्याकाळी एक टेकडी, बाकी सपाट मैदान. बघून कोणालाही आनंद झाला असता. पण शुक्रवारपासून भर दुपारी एक सुळका. खालच्या तळघरात तेव्हा कुत्रंही नसतं, आणि पंखे मात्र गरागरा. सात नंबरची पेटी.

"पेटी बिघडली असेल," मी म्हटलं.

"पेटी खरं सांगते," सेन्सरवाला म्हणाला. "तिथे कोणीतरी धूर सोडतंय."

तरी मी हट्टाने पेटी बदलून घेतली. तो बदलत असताना पैलवान शेजारी उभा राहून म्हणाला, "साहेब, ती जागाच तापट आहे." ताईने त्याच्याकडे बघितलं. तो गेटवर निघून गेला. ताईला विचारलं, दुपारी कोणाची गाडी येते तिथे? म्हणाली, "काउंटरवरून मला काय दिसणार?" काउंटरच्या काचेतून रॅम्पचा पायथा सोडून दुसरं काही दिसत नाही.

बुधवार, ११

नव्या पेटीचंही तेच. मी गाडीत बसून डबा उघडतो, आणि थोड्या वेळात पंखे सुरू. रागाने बाहेर येऊन रॅम्पपर्यंत जातो तोवर तिथे कोणी नसतं. पैलवान गेटवर असतो. त्याची स्कूटर भिंतीला लावलेली असते. सगळं जिथल्या तिथे.

खरं सांगायचं तर पंखे लागले की कोपऱ्यातही वारा येतो आणि बरं वाटतं. डोकं हलकं होतं. मग आठवतं की हा वारा आमच्या मुळावर येणार आहे.

एक गोष्ट पक्की कळली. चोर माझ्यावर नजर ठेवून आहे. मी गाडीत बसलो, माझी पाठ फिरली, की त्याचं काम सुरू. एखाद्या डिलिव्हरीवाल्याची व्हॅन असेल, गारव्याला उभी करत असेल. किंवा कंत्राटदाराने कोणाला तरी फितवलं असेल. असली माणसं काय, कुठेही घुसतात.

रविवार, १५

सासूबाई म्हणाल्या, हिचं कपाट आवरू या. बरं म्हटलं. उघडलं. त्या एकेक कपडा काढून मांडीवर घेत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी घड्या घालत होतो. मला काही वाटलं नाही. रडणाऱ्याला लोक पाणी देतात, पाठीवर हात ठेवतात. काहीच न वाटणाऱ्याला काय द्यायचं हे कोणाला माहीत नसतं, मलाही नाही. घड्या मात्र छान झाल्या.

अर्ध्यातच त्यांनी कपाट बंद केलं. म्हणाल्या, "राहू दे. घाई कसली आहे?" मग म्हणाल्या, "उद्या दुपारी घरी जेवायला या ना." म्हटलं, आई, बॅटरी.

मंगळवार, १७

मोठ्या साहेबांनी वर बोलावलं. आलेख टेबलावर होता. "सकाळ-संध्याकाळ ठीक आहे. हे दुपारचं काय? निम्म्यावर यायचं सोडा, तुम्ही जेमतेम पाव हिस्सा वाचवताय."

"कोणीतरी मुद्दाम करतंय, साहेब."

"मग धरा त्याला आणि बाहेर काढा. नाहीतर तुम्ही सगळे बाहेर."

खाली येऊन हे दोघांना सांगितलं, शब्दाला शब्द. म्हटलं, हा जो कोणी आहे तो आपल्या सगळ्यांच्या पोटावर पाय देतोय. ताईने मान खाली घातली. तिच्या घरी दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेला सासरा आहे. पैलवान म्हणाला, "बघू साहेब. होईल काहीतरी." होईल काहीतरी म्हणे! याला नोकरीचं गांभीर्यच नाही.

दुपारी पंखे लागलेच.

शुक्रवार, २०

आज चोर पकडला.

डोकं चालवलं. चोर माझ्या गाडीच्या आवाजावर येतो. म्हणून आज गाडी चालू केली, दार लावून घेतलं आणि स्वतः मात्र खांबाच्या आडोशाने रॅम्पजवळ जाऊन उभा राहिलो. काउंटरवरचा फोन वाजला. ताई एवढंच म्हणाली, "हो आजी, बसले." फोन ठेवून तिने गेटकडे बघून हात हलवला.

पैलवान आपली स्कूटर ढकलत आला. सात नंबरच्या पेटीखाली ती स्टँडवर चढवली, पाठ पेटीकडे करून. तोंडाला रुमाल बांधला. चालू करून असा पीळ दिला की अख्खं तळघर घुमलं; बंद काचांच्या चालू गाडीत मला हे कधी ऐकू आलं नव्हतं. मध्येच वाकून, आजारी माणसाला वाफारा द्यावा तसा, पुठ्ठ्याने तो धूर पेटीकडे ढकलत होता. पंखे सुरू झाले. त्याने वर बघितलं, स्कूटर बंद केली आणि घाम पुसला.

मी पुढे झालो. त्याचा चेहरा उतरला, पण तो पळाला नाही. आधी लिफ्टच्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, तुम्ही इथे?"

"का करतोस हे? कोणी सांगितलं? कंत्राटदाराने?"

"नाही, साहेब."

"मग का?"

"काढून टाका साहेब, पण विचारू नका."

काढून टाकलं. स्कूटर ढकलतच नेली त्याने, चालू केली नाही. ताई म्हणाली, "त्याला परत बोलवा." म्हटलं, कारण सांग. म्हणाली, "मला नाही सांगता यायचं." दोघं मिळून मला शेंडी लावतात, आणि वर रडतेही तीच.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, चोर सापडला, घरचाच निघाला. त्या खुर्चीत बसल्या. "त्याला काढलंत?"

"मग काय आरती ओवाळू?"

"उद्या नका जाऊ. एक दिवस रजा घ्या. माझं ऐका."

महिन्याची परीक्षा चाललेली असताना रजा? त्या जेवल्या नाहीत. परक्या माणसाचं इतकं वाईट वाटून घेतात. ही तशीच होती.

शनिवार, २१

जमेल तसं लिहितो.

दुपारी गाडीत बसलो. पंखे लागले नाहीत. वाट बघितली, तरी लागले नाहीत. आज आलेख सरळ येणार, असं मनात म्हटलं. डबा उघडला, भूक नव्हती, झाकण लावलं. गाडीचा एकसुरी आवाज आणि बाकी शांतता. डोळा लागला असावा.

कोणीतरी काच बडवत होतं. ताई. ओढणी नाकातोंडाला गुंडाळलेली. दार उघडून तिने माझ्या अंगावरून हात घातला, किल्ली फिरवली, आणि माझी बाही धरून मला ओढलं. वर गेटवर हॉर्नचा गोंधळ चालला होता. काउंटर सोडून आली होती ती, गेटचा आडवा दांडा तसाच खाली टाकून.

"ताई, वर रांग लागली आहे," मी म्हणालो.

"लागू दे!" ती ओरडली. माझ्यावर इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता तिने. "स्कूटर नाही, असती तरी मला चालू करता येत नाही हो साहेब! मी काय करू? तो असता तर त्याने केली असती. मी काय करू?"

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. तिने मला रॅम्पवर मोकळ्या हवेत नेऊन पायरीवर बसवलं, पाणी दिलं. डोकं फुटायला आलं होतं. मग ती बोलत गेली.

पेट्या बसल्यावर तीन-चार दिवसांनीच सासूबाईंचा काउंटरवर फोन आला होता. जावई गाडी चालू करून बसतात, त्या कोपऱ्यात पेटी नाही, पंखा लागायचा नाही, काहीतरी करा. हे दोघं आधीच त्याच घोरात होते. पेटीवर पैलवानाचा भरवसा नव्हता, आणि मला सांगायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा हा उपाय त्याने काढला. रोज दुपारी फोन यायचा, बसले का? ही हात हलवायची, तो पंखे लावायचा. मी गाडीतून उतरलो की ही फोन करून सांगायची, उतरले.

"पण नोकरी जाईल हे सांगितलं होतं मी. सगळ्यांची."

"हो ना. मी म्हटलं त्याला. तो म्हणाला, नोकरी दुसरी बघू."

"मी बॅटरीसाठी बसतो," मी म्हणालो.

"हो साहेब," ताई म्हणाली.

तिला वर पाठवलं. हॉर्न थांबले. मी काउंटरच्या फोनवरून पैलवानाला फोन लावला. म्हटलं, सोमवारी ये. मग त्याने विचारलं, "स्कूटर आणू का, साहेब?"

नको, म्हणालो.

मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, दुपारचे पंखे माझ्यामुळे लागत होते, गेटवरच्या माणसाचा काही दोष नाही, त्याला कामावर परत घेतोय. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी उभ्या उभ्या हलत असणार, कारण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि डॉक्टरकडे गाडीने पाठवलं. महिन्याचं विचारलं तर म्हणाले, "महिना संपल्यावर बघू." निघताना सेन्सरवाल्याला निरोप ठेवला, त्या कोपऱ्यात एक पेटी लाव. डॉक्टरांनी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून झोपवलं आणि दिवे लागायच्या सुमारास घरी सोडलं. आणखी काय काय विचारलं त्यांनी. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायला बोलावलंय.

रविवार, २२

काल मी पोचायच्या आतच सासूबाईंना सगळं कळलं होतं. ताईने फोन केला असणार. आज सकाळी चहा घेताना मीच विषय काढला.

"आई, मला सरळ का नाही सांगितलंत? तिथे बसू नका म्हणून?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं. माझा शब्द तुम्ही कधी मोडला नाहीत."

"मग?"

"मग दुसरीकडे जाऊन बसला असता. तिथे ताई नसती, पैलवान नसता. त्या जागेला पंखाच नसता."

मी म्हणालो, "आई, मी खरंच बॅटरीसाठी..."

"अहो, मुलगी गेली माझी. मला बॅटरी नका सांगू."

मी नाही म्हणालो. तसं काही नव्हतं, म्हणालो. मग म्हणालो, माहीत नाही, आई, मला खरंच माहीत नाही. हे बोलताना आवाज चिरकला आणि पुढचं मला आवरता आलं नाही. ही गेली त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो. खुर्चीवरून खाली बसलो, लहान पोरासारखा, नाक गळत होतं. सासूबाईही माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या खाली बसत नाहीत कधी. माझं डोकं थोपटत होत्या आणि सारखं एकच म्हणत होत्या, "रडा. रडा हो. मी कुठे जात नाही."

गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली. स्वेटरच्या खिशात घातली त्यांनी. मग दोघांनाही उठता येईना, तेव्हा एकमेकांना धरून उठलो. चहा गार झाला होता, त्यांनी परत टाकला.